यमुनाक्का, शाल तेवढी राहिली

यमुनाक्का, तुम्ही गेलात त्या दुपारी लोकांनी आणलेले हार बघून मला आधी रडू आलं नाही, घाम फुटला. सगळे शेवंतीचे. बाजारातली शेवंती, मरगळलेली, देठाशी काळी पडलेली. शेवंतीसाठी जन्म घालवलेल्या बाईच्या अंगावर तसला हार घालताना मला वाटलं, आता या उठून बसतील आणि विचारतील, "हे कुणी आणलं रे?" तुम्ही उठला नाहीत. तेव्हा कुठे माझी खात्री पटली.

तुमचा जन्म कुठला, नोकरी किती वर्षं, मागे कोण कोण, हे सगळं आपल्या बागायत संघाच्या पत्रकात छापून आलंय. संघाचा सेक्रेटरी म्हणून मीच लिहिलंय. सारी नोकरी विमा कचेरीत गेल्यामुळे माणूस गेल्यावर काय लिहायचं ते मला बरोबर येतं, आणि म्हणूनच ते वाचवत नाही. त्यात मी तुम्हाला 'मनमिळाऊ' म्हटलंय. माफ करा, पण दुसरे जे शब्द सुचत होते ते छापण्याजोगे नव्हते.

पत्रकात जे बसलं नाही ते इथे लिहितो.

तुम्ही मुलींच्या शाळेत ड्रिल शिकवायचात. निवृत्त झालात, पण ड्रिल काही थांबलं नाही, मुलींच्या जागी कुंड्या आल्या. गच्चीवर उंचीप्रमाणे रांगा, पुढे बुटक्या, मागे उंच, आणि मधून तुम्ही हात मागे बांधून फिरणार. एखादी फांदी वाकडी गेली की तिला काठी बांधून "सरळ हो" म्हणायचात, आणि ती व्हायची. मी मात्र असा सेक्रेटरी की ज्याच्या घरी तुळससुद्धा पाहुण्यासारखी चार दिवस राहून जाते. "वसंता, तू कागदावरचा माळी," तुम्ही म्हणायचात. "तुझ्या हातात दिलं तर झाड आधी विमा काढून घेईल कणो." हे, त्या कानडी 'कणो'सकट, तुम्ही चारचौघांत म्हणायचात, आणि चारचौघे हसायचे. मीही हसायचो. काय करणार, खरं होतं.

पण आपलं भांडण झाडांवरून कमी आणि शब्दांवरून जास्त. तुमचं घराणं राजाच्या फौजेबरोबर म्हैसुरात आलं, माझं कारकुनी करायला. दोन्ही घरं पिढ्यानपिढ्या इथलीच. तरी माझे वडील असे कडक, की जेवताना तोंडून एक कानडी शब्द गेला तर आमटी दुसऱ्यांदा मिळायची नाही. त्यामुळे शुद्ध मराठीचा सोस मला आमटीबरोबरच लागला. तुम्हाला तो नव्हता. तुम्ही म्हणायचात, "मोग्गु खुडले, आता स्वल्प गोब्बर घालते."

"अक्का, कळ्या. आणि खत," मी म्हणायचो.

"झाड मैसूरचं आहे. मराठीत खत घातलं तर त्याला कळणार कसं?"

"निदान माझ्याशी तरी मराठीत बोला."

"हे मराठीच की रे. तुझी मराठी पेटीतली, इस्त्रीची. आमची रोज नेसायची."

यावर उत्तर मला अजून सुचलेलं नाही. सुचेल तेव्हा ऐकायला तुम्ही नाही, ही माझी मोठी गैरसोय झाली आहे.

ते वरुणा गावच्या शेणखताचं आठवतं का? तिकडच्या गाई उसाचं वाढं खातात, म्हणून तिकडचं खत गोड, असा तुमचा एक सिद्धान्त होता. माझ्या स्कूटरवर मागे तुम्ही, मध्ये पोतं, आणि पोतं ओलं. मी पांढरा शर्ट घातला होता, कारण तिथून मला परस्पर एका बारशाला जायचं होतं. चौकात पोलिसाने हात केला आणि पोत्याकडे बघून विचारलं, यात काय आहे. तुम्ही खाली न उतरता म्हणालात, "गोब्बर रि, चिन्न अल्ला." खत आहे, सोनं नाही. त्याने वास घेतला आणि आपल्याला घाईने पुढे जायला सांगितलं. पुढे गेल्यावर तुम्ही माझ्या कानाशी म्हणालात, "खोटं बोलले. सोनंच आहे." बारशाला मला बसायला अख्खी रांग मोकळी मिळाली. बाळाच्या आजीने माझ्या हातात बाळ दिलं नाही, ते एक बरं झालं.

आता त्या शालीकडे येतो. तिच्यावरचं आपलं बोलणं अर्धंच राहिलंय.

आपल्या गावात माणूस पुरेसा जुना झाला की त्याच्या खांद्यावर शाल घालायची, डोक्यावर म्हैसुरी पेटा ठेवायचा, मांडीवर फळांची परडी द्यायची आणि फोटो काढायचा, ही रीतच आहे. आपल्या संघात त्याला 'दीर्घ सेवा सन्मान' म्हणतात आणि संक्रांतीच्या सुमारास होणाऱ्या शेवंतीच्या प्रदर्शनात तो एका जुन्या सभासदाला मिळतो. पण संघाने त्याला एक शेपूट जोडून ठेवलंय. ज्याला शाल मिळाली तो वडीलधारा झाला. त्याने पुढे स्पर्धेत कुंडी ठेवायची नाही, पहिल्या रांगेत बसायचं आणि पोरांना आशीर्वाद द्यायचे.

हे शेपूट तुम्ही पहिल्याच वर्षी ओळखलंत. "सन्मान कसला, शालजोडीतला जोडा आहे तो," म्हणालात. आणि गंमत अशी की दर वर्षी दुसऱ्यांना शाल घालायचं काम संघाने तुमच्याकडेच दिलं होतं. शाल घालताना तुम्ही वाकून त्यांच्या कानात काहीतरी सांगायचात आणि ते बिचारे गहिवरायचे. मी एकदा विचारलं, काय सांगता? तुम्ही म्हणालात, "काय सांगणार. 'आता बस' म्हणते."

दर वर्षी समितीत तुमचं नाव निघायचं आणि दर वर्षी समिती मला तुमच्या गच्चीवर पाठवायची. मी जिने चढून दमायचो, तुम्ही मला आधी लिंबूसरबत द्यायचात आणि मग नकार.

"मला ते बेडा. मला दीर्घ सेवा नको, सेवंतिगे पाहिजे. पहिल्या नंबरची."

आणि दुखणं नेमकं तिथेच होतं. सेवंतिगे म्हणजे आपली शेवंती, आणि मोठ्या फुलाच्या शेवंतीत तुमचा नंबर दर वर्षी दुसरा. पहिला हिनकलच्या नंजुंडय्यांचा. हे नंजुंडय्या म्हणजे निवृत्त मास्तर, शब्द मोजून बोलणारे आणि हसू तर त्याहून मोजून काढणारे. तुम्ही त्यांचं नाव घेत नसायचात, 'हिनकलचा तो' म्हणायचात. ते झाडाला शहाळ्याचं पाणी घालतात, असा तुमचा आरोप होता. शहाळ्याचं पाणी घालू नये असा नियम नाही, हे मी दाखवून दिल्यावर तुम्ही म्हणालात की नियम नाही म्हणून काय माणसाला लाज नसावी का. एका वर्षी तुमचं सांत्वन करायला मी म्हणालो, "अक्का, दुसरा नंबर म्हणजे काय कमी आहे?" त्यानंतर बरेच दिवस मला सरबत मिळालं नाही.

यंदा दिवाळी झाल्यावर तुमचा स्वतःहून फोन आला.

"वसंता, यंदा घाल ती शाल."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला. माझा उजवा कान कमी ऐकतो.

"पण अट आहे. निकाल लागल्यावर घालायची. पहिली आले तर घाल. नाही आले, मत्ते पुढच्या वर्षी बघू."

"एकदम असं काय झालं?"

"वर येऊन कुंडी बघ. मग विचार."

मी आलो आणि बघितली. पांढरी होती. कळी अजून मिटलेलीच, पण मला झाडातलं काही कळत नसूनसुद्धा तिच्यासमोर मी आवाज खाली आणला. तुम्ही हात मागे बांधून उभ्या होता आणि माझ्या तोंडाकडे बघत होता. मला वाटलं, जिंकून उतरायचा बेत आहे. आता तुमची सून रेखा सांगते, की डॉक्टरांनी तुम्हाला त्याच सुमारास काहीतरी सांगितलं होतं आणि तुम्ही त्यांनाच गच्चीवर यायचं आमंत्रण देऊन आला होता. म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं की नव्हतं? मी तेव्हा विचारायला हवं होतं, पण तुम्हीही सांगायला हवं होतं. इतकी वर्षं मला खतापासून शर्टापर्यंत सगळ्यावर ऐकवलंत, आणि एवढं एक पोटात ठेवलंत. याचा मला राग आहे, अक्का. तो जाईल असं वाटत नाही.

तर, तुम्ही हो म्हणालात म्हणून मी हर्षाने सन्मानाबरोबर द्यायचा पितळी फलक करायला टाकला. लष्कर मोहल्ल्यात पितळेवर अक्षरं कोरणारा एकजण आहे, त्याला फोनवर मजकूर सांगितला, अर्थात कानडीत: 'दीर्घकालद सतत सेवेगागि'. दीर्घकाळच्या सतत सेवेबद्दल. फलक कागदात गुंडाळून आला आणि मी तो तसाच घेऊन तुमच्याकडे आलो. तुम्ही चष्मा लावलात, वाचलंत, चष्मा काढून पुसलात आणि पुन्हा वाचलंत.

"यात काय लिहिलंय माहीत आहे का?"

"सतत सेवा."

"सत्त सेवा."

कानडी न येणाऱ्या कुणाच्या हाती हे पडलं तर त्याच्यासाठी सांगतो, की कानडीत 'सत्त' म्हणजे मेलेला. 'सतत' हा शब्द दोन्ही भाषांत एकच, पण कानडी माणूस त्याची तिन्ही अक्षरं पुरी म्हणतो. मी पडलो इस्त्रीच्या मराठीतला. माझा शेवटचा 'त' पाय मोडून तोंडातच राहतो, 'सतत्'. कोरणाऱ्याने जे ऐकलं ते कोरलं, आणि दीर्घकाळ मेलेल्या सेवेबद्दल तुमच्या नावाचा पितळी फलक तयार झाला. मी तिथूनच त्याला फोन करून तावातावाने बोललो. तो शांतपणे म्हणाला, "सार्, नीवे हेळिद्दु." तुम्हीच सांगितलंत, साहेब.

तुम्ही इतक्या हसलात की रेखा पाणी घेऊन वर धावत आली. तिला काय झालं ते सांगायला जायचात आणि 'इस्त्रीची' एवढाच शब्द निघायचा. मी फलक परत घ्यायला गेलो तर सोडेनात. "असू दे रे. स्वल्प लवकर आहे, एवढंच," म्हणालात. मी तो हिसकावून नेला आणि नवा करायला टाकला, या वेळी समोर उभं राहून. नंतर समितीतल्या एकदोघांनी या फलकाचा आणि तुमच्या जाण्याचा संबंध जोडायचा प्रयत्न केला, तेव्हा मी त्यांना साफ सांगितलं की हा अपशकुन नव्हे, उच्चार आहे.

तुम्ही गेलात प्रदर्शनाच्याच आठवड्यात. जेवण करून गच्चीवर उन्हात खुर्ची टाकून बसला होता, मांडीवर काठ्या बांधायचा सुतळीचा गुंडा. रेखाला वाटलं डोळा लागला. तुमच्यासारख्या शिस्तीच्या बाईने न सांगता जावं हे मला पटलं नाही, पण जाण्याची जागा मात्र तुम्ही नीट निवडलीत.

समितीची बैठक बसली. अध्यक्ष आपले दातांचे डॉक्टर. त्यांनी मरणोत्तर सन्मानाचा ठराव मांडला आणि सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही डोलावली. तेवढ्यात रेखाचा फोन आला.

"काका, अत्तेंचं फूल शनिवारी, प्रदर्शनाच्या दिवशीच, पूर्ण उघडतंय. त्या बोलल्या होत्या तसंच. आता काय करू मी?"

फोन ठेवला आणि माझ्या लक्षात आलं की आपण काय करायला निघालो होतो. शाल घातली की कुंडी बाद. कुंडी ठेवायची तर शाल नाही. इतकी वर्षं जे तुम्ही होऊ दिलं नाहीत, ते तुमचा डोळा मिटल्याबरोबर आम्ही फुलं वाहून, हात जोडून करणार होतो. मी उभा राहिलो आणि म्हणालो, सन्मान थांबवा, कुंडी येऊ द्या.

अध्यक्षांनी चष्म्यावरून बघितलं. "सत्तवरु स्पर्धेगे निल्लोक्कागुत्ता?" मेलेल्या माणसाला स्पर्धेत उभं राहता येतं का?

"'सत्त' या शब्दाबद्दल मला आता कुणी शिकवू नये," मी म्हणालो. "शाल मिळालेल्याने स्पर्धेत उतरू नये, असा नियम आहे. मेलेल्याबद्दल नियम गप्प आहे. आणि झाड त्यांनी जिवंतपणी वाढवलंय."

बरीच कुजबुज झाली. कुणी म्हणालं, लोक हसतील. कुणी म्हणालं, शोभत नाही. मला खरंच भीती वाटली की मतं घेतील आणि मी हरेन, आणि तुम्हाला सगळ्यांच्या देखत पहिल्या रांगेत नेऊन बसवतील, तेही फोटोच्या चौकटीत. मग कोपऱ्यातून आवाज आला, "कुंड निल्लली बिडि." राहू दे की कुंडी. नंजुंडय्या बोलले होते. तुमच्या 'हिनकलच्या त्या'ने एवढे तीन शब्द खर्च केले आणि विषय संपला.

शनिवारी रेखा रिक्षातून कुंडी मांडीवर घेऊन आली. अक्का, फूल असं होतं की हॉलमध्ये शिरताना लोकांनी बाजूला होऊन वाट दिली. कुंड्यांवर नुसते आकडे असतात, नावं नसतात, आणि परीक्षक बाहेरगावचे, त्यामुळे कुणाला काही ठाऊक नव्हतं. सेक्रेटरीने कुणाची बाजू घ्यायची नसते. मी भिंतीकडे तोंड करून उभा राहिलो आणि ओळखीच्या सगळ्या देवांना तुमची बाजू घ्यायला सांगितली.

दुसरा नंबर आला.

परीक्षकांनी कारणही सांगितलं. फूल उत्तम, पण एका अंगाला कललंय. शेवटचे काही दिवस कुंडी फिरवलेली नाही, सूर्य एकाच बाजूने लागला. रेखाचा चेहरा उतरला. तिने पाणी वेळेवर घातलं होतं, खत घातलं होतं, त्या गर्दीत, रडण्याबिडण्यात सगळं सांभाळलं होतं. तुम्ही रोज सकाळी कुंडी थोडी वळवायचात हे तिला ठाऊक नव्हतं. ते कुणालाच ठाऊक नव्हतं. त्या कललेल्या फुलाकडे बघून मला त्या दिवशी पहिल्यांदा रडू आलं, आणि ते मी लपवलं नाही.

पहिला नंबर कुणाचा ते सांगत नाही, तुम्हाला चिडायला तेवढं पुरे. प्रमाणपत्र घेऊन ते तुमच्या कुंडीसमोर येऊन उभे राहिले. मग मला म्हणाले, "गेद्द हागे आगलिल्ला." जिंकल्यासारखं वाटलं नाही. मी त्यांना चहाला घेऊन गेलो आणि शहाळ्याच्या पाण्याचं विचारून टाकलं. ते चक्रावले. म्हणाले, शहाळं आणलं तर ते मी पितो, झाडाला कशाला घालू?

अध्यक्ष शाल, पेटा, परडी सगळं घेऊन तयार होते. निकाल लागला, आता करायचा का सन्मान? मी माइक हातात घेतला आणि एकेक अक्षर पुरं उच्चारत कानडीत सांगितलं, की यमुनाक्कांची अट पहिल्या नंबराची होती. यंदा दुसरा आला आहे. म्हणून त्यांच्या इच्छेप्रमाणे सन्मान पुढच्या वर्षावर ढकलण्यात येत आहे. क्षणभर कुणाला कळेना हसायचं की उभं राहायचं. मग लोकांनी दोन्ही केलं. परडीतली फळं समितीने खाल्ली, पेरू बरे होते.

निघताना रेखाने कुंडी माझ्या हातात दिली. "काका, तुम्हीच न्या. मला बघवत नाही." मी नको म्हणालो, माझी कीर्ती तिला सांगितली, पण ती रिक्षात बसून निघून गेली. आता ती माझ्या गच्चीवर आहे. फूल गेलं, दांडा कापला, बुडाशी हिरवे फुटवे दिसायला लागलेत. सकाळी उठून मी आधी कुंडी वळवतो, मग चहा. नंजुंडय्या रोज हिनकलहून फोन करून मला रागावतात. पाणी जास्त झालं, ऊन कमी झालं, तुम्हाला काही कळत नाही. त्यांचं बोलणं ऐकून घरात कुणीतरी असल्यासारखं वाटतं.

तुम्ही मला इतकी वर्षं तुमच्या गच्चीवर येऊ दिलंत, दमल्यावर सरबत दिलंत आणि नकार देऊन पुन्हा यायला लावलंत, त्याबद्दल तुमचे आभार कधी मानले नाहीत. आता मानतो.

पुढच्या वर्षी ही कुंडी मी तुमच्याच नावाने ठेवणार आहे. पहिली आली तर शाल घालावी लागेल, त्याचं तेव्हा बघू. दुसरी आली तर तुमची परंपरा राहिली. पण माझा हात तुम्हाला ठाऊक आहे, अक्का. तिसरी आली, तर शिव्या द्यायला तेवढं या.